मलिहाबादेत बिबट्याला आवतण

लखनौहून परत आल्यापासून आमच्या दहिवडीत जो तो मला एकच विचारतो, "इमामबाडा पाहिलास का?" पाहिला की. रिक्षातून, बाहेरून, आणि तोही रिक्षा सिग्नलला थांबली म्हणून. चिकनकारीचे कुर्ते आणले का? दोन आणले, त्यातल्या एकाला शेळीने कुरतडलेलं आहे. मग एवढे दिवस तिथे केलंस काय, असं विचारलं की मी सांगते, "बिबट्या धरायला गेले होते." लोक हसतात. हसू देत. ज्यांनी तिकडचं काही पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहून काढतेय.

गोमती नगर

माझी मुलगी रेवती, घरात रेवा, वनखात्यात अधिकारी आहे. परीक्षा दिली, पास झाली आणि सरकारने तिला उचलून उत्तर प्रदेशात ठेवली. चार वर्षं झाली. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी ठरवलं की ह्या उन्हाळ्यात लेकीकडे जायचंच. सगळ्यांनी वेड्यात काढलं. जूनमध्ये लखनौला कोण जातं? मी म्हटलं, आपल्या माण तालुक्याच्या उन्हात साठ वर्षं काढलेल्या बाईला ऊन कसलं दाखवता. तर तिथल्या उन्हाने मला पहिल्याच दिवशी माझी जागा दाखवली. आपल्याकडे ऊन भाजतं, पण सावलीत गेलं की सोडून देतं. तिथे ते सावलीतही पाठीमागून येतं.

रेवाचा फ्लॅट गोमती नगरात. रुंद रस्ते, मोठमोठी दुकानं, आणि फाटकापाशी ई-रिक्षावाल्यांची गर्दी. तिचं मराठी आता अर्धं तिकडचं झालंय. "आई, सुन ना, सब्जी काय करायची?" असं विचारते. मी म्हणते, भाजी करू, सब्जी तुझी तू कर. पहिले दोन दिवस आम्ही मायलेकींनी मजा केली. हज़रतगंजला संध्याकाळी फिरलो, टोपलीएवढी चाट खाल्ली, ते कुर्ते घेतले. चाटवाला "और दही दूँ, माताजी?" असं इतक्या आर्जवाने विचारी की नाही म्हणायची सोय नव्हती. आपल्याकडे जादा दही मागितलं तर भेळवाला आधी तोंडाकडे बघतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेवाचा फोन वाजला आणि तिचा चेहरा बदलला. मलिहाबादकडच्या आमराईत बिबट्या शिरला होता. एक वासरू मारलं होतं, दोन कुत्री नेली होती. बागेच्या एका अंगाला ओढ्याकाठी बाभळी, घाणेरी आणि माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या गवताचं रान, तिथे त्याने मुक्काम ठोकला होता. दशहरी आंबा उतरवायची वेळ झालेली, आणि तोडणारी माणसं बागेत पाय टाकायला तयार नव्हती.

"आई, ही माझी पहिली केस आहे," रेवा म्हणाली. "याआधी नेहमी मी कुणाच्या तरी हाताखाली होते."

मी तिच्याबरोबर जाणार नव्हतेच. पण बागेचे मालक रिझवान साहब स्वतः तिला न्यायला ऑफिसात आले होते आणि मी तिथे डबा द्यायला गेले होते. सत्तरीचे, पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर रुमाल. आपल्या बागेत बिबट्या बसलेला असताना त्या माणसाला चिंता पडली ती माझी. "माताजी यहाँ अकेली रहेंगी? तौबा तौबा! हमारे घर में औरतें हैं, आम हैं, जगह है." रेवाने तीनदा नाही म्हणून पाहिलं. लखनौकडच्या माणसाच्या आग्रहापुढे सरकारी नकार टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मलिहाबाद, सोमवार

रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंबाच आंबा. आपला हापूस डोंगरउतारावर सुटा सुटा उभा असतो, इथे सपाट जमिनीवर झाडांना झाडं भिडलेली आणि खाली दुपारीही अंधारलेलं. आंबा लांबट, हिरवट, दिसायला साधा. रिझवान साहबांच्या बायकोने, सकीना आपांनी, पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेले आंबे पुढे केले. आम्ही कोकणातले नसलो तरी हापूसचा अभिमान आम्हालाही असतोच, म्हणून मी जरा नाक वर करूनच एक चोखायला घेतला. मग दुसरा घेतला. पाचव्यानंतर आपांनी बादलीच माझ्यापुढे सरकवली आणि मी हापूसविषयी बोलणं सोडून दिलं.

संध्याकाळी चहाच्या टपरीपाशी गावातली माणसं जमली. कुणाच्या हातात लाठी, कुणाच्या हातात फावडं, एकाकडे ढोल. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आंबा झाडावर पिकून चाललाय, मुलं घरात कोंडलीत, आम्ही ढोल वाजवत रानात शिरतो आणि काय तो निकाल लावतो. रेवा त्यांच्यासमोर उभी राहिली. ती माझ्याएवढीच, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. पण आवाज खणखणीत.

"आप लोग अंदर गए तो वो किसी को फाड़ेगा, और फिर आप उसको मारेंगे. दोनों में नुक़सान है. मुझे जुम्मे की सुबह तक का वक़्त दीजिए."

बरीच कुरकूर झाली. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ठीक है बिटिया. जुम्मे की सुबह तक. उसके बाद हम जानें और वो जाने." मी मागे उभी होते. शुक्रवारपर्यंत बिबट्या पिंजऱ्यात आला नाही, तर ही सगळी माणसं त्या रानात घुसणार होती आणि त्यांना थोपवायला माझी मुलगीच पुढे उभी राहणार होती.

पिंजरा दुपारीच लावला होता. लोखंडी, लांबट, वरून आंब्याच्या डहाळ्यांनी झाकलेला. त्याचे दोन कप्पे असतात. पुढच्यात बिबट्याने शिरायचं, आत फळीवर पाय पडला की मागे दार पडतं. मागच्या कप्प्यात शेळी. मध्ये दुहेरी जाळी. खात्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मला ती जाळी हलवून दाखवली. मी स्वतःही हलवून पाहिली, दोन्ही हातांनी. हलली नाही. तरी शेळीकडे बघून मला कसंतरीच झालं. बाजारातून आणलेली, लहानखुरी, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, उभे कान. तिकडे ह्या जातीला बरबरी म्हणतात. मी तिचं नाव ठमी ठेवलं.

रात्री रेवाने मला शिकारीची पहिली शिकवणी दिली. पूर्वी इथे बंदूक घेऊन बसत, आता पिंजरा आणि कॅमेरा असतो, पण बसण्याचे नियम तेच. वारा जनावराकडून आपल्याकडे यायला हवा. बोलायचं नाही. पांढरी बॅटरी लावायची नाही, लाल काच लावलेली लावायची. आणि अंगाला कसलाही वास नको. आम्ही पंपघराच्या गच्चीवर बसणार होतो. तिथून पिंजरा दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं.

मी वर चढले तेव्हा माझ्या हातात आठ बांगड्या, केसांना खोबरेल आणि पदराला मच्छर पळवायचं मलम. रेवाने कपाळावर हात मारला. बांगड्या रुमालात बांधल्या, डोकं धुवायला लावलं. एवढं होतं तोवर रिझवान साहब आले आणि सगळी गच्ची मोगऱ्याच्या अत्तराने भरली.

"साहब, ये क्या?" रेवा हताशपणे म्हणाली.

"बिटिया, इतनी बड़ी मुलाक़ात के लिए बिना इत्र के कैसे आता?"

त्यांच्या आजोबांनी म्हणे ह्याच रानात वाघापासून लांडग्यापर्यंत सगळं टिपलं होतं. त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात मच्छरही मारलेला नव्हता, आणि त्या रात्रीही ते मच्छरांना रुमालाने हळूच बाजूला करत होते. माझं मात्र हातावर चापट मारणं चाललं होतं आणि प्रत्येक चापटीला रेवा माझ्याकडे वळून बघत होती.

मग अंधार पूर्ण झाला आणि ठमी ओरडायला लागली. बेंऽऽ, बेंऽऽ. एकसारखी. लहान मूल आईला हाका मारतं तशी. तासभर, दोन तास. दूर कोल्हे ओरडले, ओढ्याकडे टिटवी उठली, आणि ठमी आपली ओरडतेच आहे. डॉक्टर कानात कुजबुजले, "बढ़िया बकरी है. बहुत अच्छा बोल रही है." मला त्या माणसाचा रागच आला.

पहाटेपर्यंत काही घडलं नाही. सकाळी बागेच्या कडेला त्याचे ठसे मिळाले. पिंजऱ्यापासून थोड्याच अंतरावर येऊन, बसून, परत गेला होता. रेवा खुशीत होती. पहिल्या रात्री तो असाच अंदाज घेतो म्हणे, आज उद्या नक्की आत शिरेल.

मंगळवार आणि बुधवार

आता इथे मला माझ्या वडिलांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्याकडे वीसेक शेरडं होती. शाळा सुटली की मी माळावर. त्या वेळी आमच्याकडे लांडगे होते, आणि वडिलांचा एक नियम होता. दिवस मावळताना शेळी कधी एकटी बांधायची नाही. दोघी जोडीने बांधल्या की त्या रवंथ करत गप्प पडतात. एकटी असली की रात्रभर ओरडते. "एकटी शेळी म्हणजे लांडग्याला आवतण," असं ते म्हणत. हे माझ्या हाडीमासी भिनलेलं आहे. आजही कुणाच्या दारात एकटी शेळी दिसली की मी उगाच घरात डोकावून बघते, दुसरी कुठे आहे ते.

मंगळवारी दुपारी सकीना आपा आणि मी तांदूळ निवडत होतो. माझ्यासाठी त्यांनी तहरी करायची ठरवली होती. तहरी म्हणजे आपल्या मसालेभाताची बहीण, फक्त बटाटा जास्त आणि मसाला कमी. आपा म्हणाल्या, "कल रात उस बेज़ुबान की आवाज़ से मुझे नींद नहीं आई."

"मुझे भी नहीं," मी म्हटलं. माझं हिंदी पोस्टाच्या काउंटरवरचं, पण भागतं. मग मी त्यांना वडिलांचा नियम सांगितला. आपांनी तांदळातून हात बाहेर काढला. त्यांच्याकडे एक म्हातारी शेळी होती, बेगम नावाची. दिवसभर ओसरीवर पडून असे आणि कशालाच बोलत नसे.

दोन बायकांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही. संध्याकाळी वनरक्षक यादवजी ठमीला चारापाणी द्यायला निघाले, तेव्हा मी भाकरी आणि गूळ घेऊन त्यांच्याबरोबर, आणि माझ्यामागे दोरीला बेगम. यादवजींनी बेगमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. साहेबांची आई आणतेय म्हणजे साहेबांनीच सांगितलं असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि मी काही त्यांचा समज दूर केला नाही. मागच्या कप्प्यात दोघींना ऐसपैस जागा होती. बेगम आत जाऊन बसली. ठमीने तिला हुंगलं आणि तिच्या अंगाला अंग लावून ती पण बसली.

एक अडचण होती. भाकरी खाऊन झाल्यावर मी उठून चालू लागले की ठमी धडपडून उभी राही आणि बेंऽऽ करी. मी परत तिच्याजवळ गेले की गप्प. दोनतीनदा तसं झालं. यादवजी हसले, "माताजी, ई बकरिया तो आपको पहिचान गई." शेवटी मी तिचा डोळा लागेपर्यंत तिथेच बसून राहिले. तेव्हाच तिने माझ्या नव्या कुर्त्याची बाही खाल्ली.

त्या रात्री गच्चीवर काय शांतता होती! ठमीचा चकार शब्द नाही. रिझवान साहब अत्तर न लावता आले होते, माझ्या बांगड्या खाली होत्या, वारा आमच्याकडे येत होता. नियमाने सगळं होतं, फक्त बिबट्या नव्हता. डॉक्टर म्हणाले, बकरी थकली असेल. मी अंधारात मान डोलावली.

बुधवारीही तेच. भाकरी, गूळ, ठमीचा डोळा लागेपर्यंत बसणं आणि रात्रभर शांतता. फरक एवढाच की मला आता मजा वाटेनाशी झाली होती. सकाळी ठसे सापडले ते ओढ्याच्या पलीकडे. तो सरळ आपल्या वाटेने गेला होता, पिंजऱ्याकडे वळलाच नव्हता. रेवा जेवली नाही. टपरीपाशी लाठ्यांची संख्या वाढली होती. एक मुलगा ढोल तापवत बसला होता. दहिवडीहून आमच्या ह्यांचा फोन आला, "इमामबाडा पाहिलास का?" मी म्हटलं, "ठेवा आता."

गुरुवार

सकाळी डॉक्टर म्हणाले की बकरी आजारी तर नाही ना, बघून येतो. माणसाचा वास नको म्हणून इतके दिवस यादवजींखेरीज पिंजऱ्याकडे कुणाला जाऊ देत नव्हते. थोड्या वेळाने रेवाचा फोन वाजला. शेजारी बसलेल्या मला डॉक्टरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"मैडम, बकरी एक ही थी ना?"

मी ताटातला घास ताटात ठेवला.

पिंजऱ्यासमोर झाडाला एक कॅमेरा बांधलेला होता. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. त्याचं कार्ड आणून लॅपटॉपला लावलं. बिबट्याचा एकही फोटो नव्हता. माझे एकशे बारा होते. मी भाकरी मोडताना, मी ठमीचे कान खाजवताना, बेगमला ढकलून आत घालताना, मांडी घालून बसलेली, आणि एकात तर मी तोंड उघडून गात होते. डॉक्टर छताकडे बघत होते. यादवजींचे खांदे हलत होते. रेवा मात्र हसली नाही.

"आई, ती ओरडावी म्हणून तिला तिथे ठेवलीय," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "तिचा आवाज ऐकून तो येतो. तू तिला दोन रात्री गप्प बसवलंस. माझ्या हातातल्या दोन रात्री गेल्या."

मी वडिलांचा नियम सांगायला तोंड उघडलं आणि अर्ध्यातच माझ्या लक्षात आलं. एकटी शेळी म्हणजे आवतण. तेच तर द्यायचं होतं! इतकी वर्षं जे चुकवायला शिकले, तेच इथे मुद्दाम करायचं होतं, आणि मी आपली माणचा शहाणपणा घेऊन मलिहाबादच्या बिबट्याला उपाशी परत पाठवत होते.

"मी तुला इथे आणायलाच नको होतं," रेवा म्हणाली आणि उठून गेली. मला फार लागलं ते. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

दुपारी बेगमला परत आणली. सकीना आपांनी दोष आपल्याकडे घेतला, रिझवान साहबांनी सगळा दोष बिबट्याच्या नशिबाला दिला. नवी शेळी आणायची तर बाजार दुसऱ्या दिवशी. रेवाने ठमीलाच एकटी ठेवून पाहायचं ठरवलं. सूर्य मावळायच्या बेताला यादवजी येऊन म्हणाले, "मैडम, ऊ तो आराम से पगुरा रही है." ठमी खुशाल रवंथ करत होती. पोट भरलेलं, जागा ओळखीची झालेली. ओरडण्याचं तिला काही कारणच उरलं नव्हतं.

रेवा ओट्यावर डोकं धरून बसली. आता ह्या सगळ्यांत एक गोष्ट फक्त मला आणि यादवजींना ठाऊक होती, आणि यादवजी काही बोलत नव्हते. ठमी कुणासाठी ओरडते ते. मी गप्प राहिले असते तर ठमी रात्रभर निवांत झोपली असती. आणि सकाळी ढोल वाजले असते. दुहेरी जाळी मी हलवून पाहिली होती, तरी मनात येई, आणि तुटली तर? त्या मुक्या जनावराने माझ्या हातची भाकरी खाल्ली होती. पण समोर माझी लेक बसली होती.

"रेवा, ती माझ्यामागे ओरडते," मी म्हटलं. "मी भेटून परत निघाले की ओरडते."

रेवाने वर पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच ती माझ्याकडे नीट बघत होती. "आई, मग वळून बघायचं नाही हं. एकदाही नाही. जमेल?"

"बघू," मी म्हटलं.

मी, यादवजी आणि गुंगीच्या औषधाची बंदूक घेतलेले डॉक्टर, तिघं गेलो. रानात उजेड जेमतेम. ठमी मला बघून उठली, जाळीला नाक लावलं. मी भाकरी नेली नव्हती, तसं डॉक्टरांनी बजावलंच होतं. तिचे कान खाजवले. पुन्हा एकदा दोन्ही हातांनी जाळी हलवली. आणि मग पाठ फिरवून निघाले.

ती ओरडली. मी चालत राहिले. ती आणखी मोठ्याने ओरडली. आंब्याखालची ती पायवाट मला माळाएवढी लांब वाटली. साठ वर्षांच्या सवयीने मान आपोआप मागे वळत होती आणि मी तिला धरून ठेवत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. यादवजींनी ते पाहिलं आणि स्वतःचा गमछा माझ्या हातात दिला. पंपघराची गच्ची चढले तरी ठमी थांबली नव्हती. त्या ओरडण्यात राग होता, सरळ माझ्या नावाने चाललेला.

रेवाने सरकून मला शेजारी जागा केली आणि अंधारात माझा हात धरला. डाव्या हाताला रिझवान साहब तसबीह ओढत होते, मण्यांचा आवाज होऊ नये म्हणून रुमालाखाली धरून.

ठमी ओरडत होती. मग कोल्हे गप्प झाले. टिटवी एकदा उठली आणि तीही गप्प. ठमीचा आवाज मध्येच तुटला. रेवाची बोटं माझ्या हातात रुतली. काही क्षण काहीच नाही, आणि मग धाडकन लोखंड आपटल्याचा आवाज झाला. पाठोपाठ अशी एक डरकाळी उठली की गच्चीची वीट न् वीट माझ्या पायांना कळली.

रेवा उभी राहिली. "गिरा! दरवाज़ा गिरा!" डॉक्टर धावत जिना उतरले. मी बसलेलीच. माझे कान फक्त एका आवाजासाठी उभे होते आणि तो येत नव्हता. डरकाळी, आपटणं, पुन्हा डरकाळी.

मग सगळ्याच्या वरून, चिडलेलं, ठणठणीत, बेंऽऽऽ.

मी रिझवान साहबांना मिठी मारायची तेवढी राहिले. त्यांनी आकाशाकडे हात केले आणि म्हणाले, "माताजी, आपकी बेटी भी सलामत, आपकी बकरी भी." बकरी माझी कधी झाली हे मला कळलं नाही, पण मी नाही म्हटलं नाही.

शुक्रवार

बिबट्याला मी पाहिलं ते पहाटे, लांबून. गुंगीत पडलेला, जीभ जराशी बाहेर. तरणा होता. डॉक्टर म्हणाले, वाट चुकून आलेला दिसतोय, तराईच्या जंगलात सोडू. एवढ्या घाबरवणाऱ्या प्राण्याच्या मिशांना आंब्याची वाळकी पानं चिकटलेली होती.

गाडी गेली आणि माणसं बागेत शिरली. ढोलवाला पोरगाही आला आणि त्याने ढोल वाजवून घेतलाच. एवढा तापवलेला, वाया कसा घालवायचा? ज्या हातांत काल लाठ्या होत्या, त्यांत आता आंबे उतरवायचे जाळीचे झेले होते. ते म्हातारे गृहस्थ रेवापाशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि झाडाकडे वळले.

ठमीचा प्रश्न राहिला होता. ती बाजारातली, म्हणजे तिचं पुढे काय होणार ते उघड होतं. मी काही बोलायच्या आतच सकीना आपांनी तिला ओसरीवर बेगमशेजारी बांधून टाकलं होतं. "आपके अब्बा का क़ायदा है," त्या म्हणाल्या. "अकेली नहीं रहेगी." मी ठमीपाशी गेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या बाहीचा घास पुढे केला तेव्हा कुठे राग गेला.

चारबाग

परतीच्या दिवशी रेवा मला सोडायला चारबाग स्टेशनवर आली. ड्यूटीवरून थेट, खाकी गणवेशात. मागे यादवजी, डोक्यावर दशहरीच्या दोन पेट्या. स्टेशनच्या घुमटांकडे मी बोट दाखवून म्हटलं, हा इमामबाडा म्हणून ह्यांना फोटो पाठवते. रेवा म्हणाली, "आई यार, काहीही."

मग आम्ही दोघी त्या दोनच पेट्या पुन्हा पुन्हा मोजू लागलो. चार वर्षं असंच होतं. तिने सुट्टीत घरी यायचं, आणि निघताना दोघींनी इकडे तिकडे बघायचं. ती रडत नाही. मीही तिच्यासमोर रडत नाही. मी तिच्या कॉलरवरची धूळ झटकली, म्हटलं, वेळेवर जेवत जा, आणि पाठ फिरवून डब्याची पायरी चढले.

तेवढ्यात मागून, भर प्लॅटफॉर्मवर, हमालांच्या आणि चहावाल्यांच्या गलक्यात, मोठ्याने आवाज आला, "बेंऽऽऽ!"

सगळा प्लॅटफॉर्म वळून बघू लागला. यादवजींच्या डोक्यावरची पेटी कलली. खाकी गणवेशातली माझी साहेब लेक दोन्ही हात तोंडाशी धरून उभी होती, हसत होती, आणि तिचे डोळे भरलेले होते.

ह्या वेळी वळायची मनाई नव्हती. मी पायरीवरून खाली उतरले.